कमानीवरचे बिऱ्हाड

मुंबईत चर्चगेट आहे, पण तिथे गेट नाही. १८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला, त्याबरोबर तो दरवाजाही गेला, आणि त्याचे नाव तेवढे आगगाडीच्या स्थानकाला चिकटून राहिले. बझार गेटाचीही तीच गत. त्यामुळे एम.ए.च्या वर्गात डॉ. सॅम्युअल जॉन्सनचे चरित्र शिकताना ‘सेंट जॉन्स गेट’ हे शब्द पुन्हा पुन्हा कानांवर आले, तेव्हा तेही असेच एखाद्या वस्तीचे, फार तर छापखान्यांच्या गल्लीचे नाव असावे असे आम्ही धरून चाललो. पुढे आम्ही स्वतः शिकवू लागलो तेव्हा टिपणांत ते तसेच राहिले : “जॉन्सन १७३७ साली लंडनला आला, सेंट जॉन्स गेट येथील मासिकासाठी लिहू लागला.” ‘येथील’ या शब्दात नेमके काय दडले आहे, हे कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही, आणि विचारले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते फार उशिरा, आणि पायी चालताना. लंडनच्या फॅरिंग्डन स्थानकावरून क्लार्कनवेलकडे निघाले की सेंट जॉन्स लेन नावाचा एक साधा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना कचेऱ्या, उपाहारगृहे. आणि रस्त्याच्या शेवटी, रस्ता अडवून नव्हे तर त्याला आपल्या पोटातून वाट देऊन, एक दगडी दरवाजा उभा आहे. दोन बाजूंना दोन चौकोनी बुरूज, मध्ये बसकी कमान, कमानीवर एक मोठी खोली, वर चर्या. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्याच्या डोळ्यांत आहे त्या माणसाला ही वास्तू किरकोळच वाटावी. हत्ती अडवण्याचे खिळे नाहीत, तोफांची तयारी नाही. शतकानुशतके रस्त्याची पातळी चढत गेल्याने कमान आणखीच ठेंगणी दिसते. पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगायची तर निराशेची होती. दुसरी मात्र वेगळी होती. ज्याला आपण वीस वर्षे पत्ता समजत होतो ती एक इमारत आहे, तिला जिने आणि खिडक्या आहेत, आणि इंग्रजी साहित्याच्या इतिहासातली काही पाने अक्षरशः या रस्त्याच्या डोक्यावर बसून लिहिली गेली, हे ध्यानात आल्यावर आम्ही तिथे बराच वेळ थांबलो.

या लहानशा वास्तूविषयी आमचे एक मत आहे. ते वास्तुशास्त्रज्ञाचे नाही, साहित्याच्या शिक्षकाचे आहे, तेव्हा त्यात जेवढी अधिकाराची उणीव आहे तेवढी वाचकांनी भरून घ्यावी.

दरवाजाच्या इमारतीची रचना मुळातच चमत्कारिक असते. कोणत्याही घराचा तळमजल्यावरचा मधला भाग हा सर्वांत मोक्याचा. इथे नेमका तोच भाग मालकाचा नसतो, तो रस्त्याचा असतो. मालकाच्या वाट्याला उरतात ते दोन बुरूज, म्हणजे रस्त्याने एकमेकांपासून तोडलेली दोन अर्धी घरे. आणि त्यांना जोडणारी वरची खोली, जिच्या पायाखाली जमीन नाही, हवा आहे. आपल्या वाड्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. खाली दोन्ही अंगांना देवड्या, तिथे पहारेकरी. वर नगारखाना, तिथे वाजंत्री. दोन्ही ठिकाणी माणसे असत ती कामापुरती. संसार थाटायला तिथे कोणी जात नसे. इंग्रजी मठांच्या आणि वाड्यांच्या दरवाजांत मात्र वरच्या खोल्या राहण्याजोग्या बांधण्याची रीत होती. राहण्याजोग्या, पण ऐसपैस नव्हेत. खालून चाकांचा खडखडाट, जमिनीतून वर येणारा गारठा, आणि घरातल्या घरात एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जायचे तर वर चढून पलीकडे उतरायचे. अशी जागा धनिकाला नको असते. पण ती नजरेत भरणारी असते, ओळखू येणारी असते, आणि तिच्याखालून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिला पाहतच जातो. मोक्याची आणि गैरसोयीची अशी जागा शहरात कोणाच्या वाट्याला येते? शिकवण्या घेणाऱ्याच्या, छापखानेवाल्याच्या, दारू विकणाऱ्याच्या. सेंट जॉन्स गेटचा इतिहास हा त्याच्या बांधणाऱ्यांपेक्षा त्याच्या भाडेकऱ्यांचा इतिहास आहे, आणि ते भाडेकरू या रचनेनेच आणले, असे आम्हांला वाटते.

बांधणाऱ्यांचे थोडक्यात सांगतो. बाराव्या शतकात क्लार्कनवेलला जेरुसलेमच्या सेंट जॉनच्या रुग्णसेवक सरदारांच्या पंथाचा इंग्लंडमधला मुख्य मठ झाला. १३८१च्या शेतकऱ्यांच्या उठावात तो जाळला गेला, आणि त्याचा प्रायर रॉबर्ट हेल्स, जो राज्याचा खजिनदारही होता, टॉवर हिलवर मारला गेला. नंतर मठ पुन्हा उभा राहिला आणि १५०४ साली प्रायर थॉमस डॉक्रा याने आतल्या आवाराचा दक्षिणेकडचा हा दरवाजा बांधला. त्यानंतर जेमतेम ३६ वर्षांत, १५४० मध्ये, आठव्या हेन्रीने पंथच बरखास्त केला. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यात ज्या कामासाठी दरवाजा बांधला ते काम त्याने चार दशकेही केले नाही. उरलेले सगळे आयुष्य तो दुसऱ्यांच्या उपयोगी पडला.

पहिला उपयोग वाचकांना गंमतीचा वाटेल. राणी एलिझाबेथच्या काळात दरबारी करमणुकीच्या अधिकाऱ्याची, ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ची, कचेरी या मठाच्या आवारात होती. १५७९ पासून या पदावर एडमंड टिल्नी होता. नाटक रंगभूमीवर येण्याआधी त्याने वाचायचे, खटकेल ते खोडायचे, आणि मग परवाना द्यायचा. शेक्सपिअर आणि त्याचे समकालीन यांच्या नाटकांच्या वाटेत हा माणूस बसलेला होता. पूर्वी याच आवारात कोणी शिरावे आणि कोणी नाही याचा निवाडा द्वारपाल करी. आता कोणते वाक्य शिरावे आणि कोणते नाही याचा निवाडा टिल्नी करू लागला. धंदा बदलला, पण वेशीवरची झडती तीच राहिली.

दुसरा भाडेकरू आमच्या व्यवसायाचा आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडे रेंगाळण्याची मुभा असावी. रिचर्ड हॉगार्थ हा शाळामास्तर होता. लॅटिनची पाठ्यपुस्तके लिहिणारा, आणि त्यांतून फारसे काही न मिळवणारा. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याने सेंट जॉन्स गेटमध्ये कॉफीगृह उघडले, आणि त्याची जाहिरात अशी केली की इथे विद्वान सद्गृहस्थ जमतील आणि लॅटिनमध्ये संभाषण करतील. कॉफीच्या पेल्यासोबत लॅटिन! एखाद्या संस्कृतच्या प्राध्यापकाने आज पुण्याच्या रस्त्यावर उपाहारगृह काढावे आणि आत फक्त संस्कृत बोलावे अशी पाटी लावावी, तसाच हा प्रकार. त्याचे जे व्हायचे ते झाले. कॉफीगृह बुडाले आणि रिचर्ड हॉगार्थ कर्जापायी फ्लीटच्या तुरुंगात गेला. त्याचा मुलगा विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे याच विल्यम हॉगार्थने लंडनच्या रस्त्यांवरचे दारिद्र्य, दिवाळखोरी आणि तुरुंग ज्या निर्दय स्पष्टपणे चितारले, त्याच्या मुळाशी बापाचे हे बुडालेले कॉफीगृह होते असे चरित्रकार मानतात. त्यात नवल नाही. आम्हांला मात्र राहून राहून त्या मास्तराचीच आठवण होते. ज्या भाषेत आपण आयुष्य काढले ती बोलणारी चार माणसे संध्याकाळी जमतील एवढीच त्याची अपेक्षा होती.

तिसरा भाडेकरू एडवर्ड केव्ह. हा चांभाराचा मुलगा. पोस्टखात्यात नोकरी केली, छपाई शिकला, आणि १७३१ च्या जानेवारीत सेंट जॉन्स गेटमधून त्याने ‘जंटलमन्स मॅगझिन’ हे मासिक सुरू केले. नियतकालिकाला ‘मॅगझिन’ म्हणण्याची चाल त्यानेच पाडली. तोवर या शब्दाचा अर्थ कोठार, विशेषतः दारूगोळ्याचे कोठार, असा होता. मूळ अरबी ‘मखजन’. आपला ‘खजिना’ही त्याच धातूचा. मराठीत आपण ‘मासिक’ म्हणालो, म्हणजे काळावरून नाव दिले. केव्हने जागेवरून दिले. कोठाराला इमारत लागते, आणि इमारत त्याच्यापाशी होती. संपादक म्हणून त्याने घेतलेले नावही पाहण्यासारखे आहे : सिल्व्हेनस अर्बन. पूर्वार्ध रानाचा, उत्तरार्ध शहराचा. वेशीवर राहणाऱ्याला शोभणारे नाव.

आणि मासिकाच्या दर अंकाच्या पहिल्या पानावर त्याने या दरवाजाचे लाकडी ठशाने छापलेले चित्र घातले. चित्रकलेच्या दृष्टीने ते सामान्यच आहे. ठोकळेवजा बुरूज, मध्ये कमान, चार खिडक्या. पण ते दरमहा हजारो प्रतींवर गावोगाव गेले. आमच्या मते या वास्तूच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना १५०४ ची बांधणी नाही, हा लाकडी ठसा आहे. त्याचा पुरावा जॉन्सनच देतो. बॉस्वेलने नोंदवले आहे की सेंट जॉन्स गेट प्रथम पाहिले तेव्हा आपण ते आदराने न्याहाळत राहिलो, असे जॉन्सनने त्याला सांगितले. या वाक्याचा अर्थ आम्ही फार काळ चुकीचा लावत होतो. प्राचीन वास्तूविषयीचा आदर, असे आम्हांला वाटे. पण जॉन्सन लंडनला येण्याआधीपासून या मासिकाचा वाचक होता. १७३४ साली त्याने बर्मिंगहॅमहून, दुसऱ्याच नावाने, केव्हला पत्र लिहून मासिकासाठी लिहिण्याची तयारी दाखवली होती. म्हणजे त्याने गेट पाहिले ते आधी कागदावर, आणि मग दगडात. त्याचा नमस्कार सरदारांच्या पंथाला नव्हता, डॉक्राला नव्हता. ज्या जागेतून छापील शब्द बाहेर पडतो त्या जागेला होता. कागदाने दगडाला प्रतिष्ठा दिली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गिरगावातली खटाववाडी ही वास्तू म्हणून पाहायला कोणी जात नसे. पण ‘सत्यकथा’ चालू होते तोवर, म्हणजे १९८२ पर्यंत, खेड्यापाड्यांतल्या किती होतकरू कवींनी तो पत्ता पाकिटावर लिहिताना अक्षर जरा जास्तच नीट काढले असेल! पुढे ज्यांना त्या प्रतिष्ठेशी भांडायचे होते त्यांनी १९६९ साली ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तीही एका परीने त्या दरवाजाची दखलच होती. ज्याला आत जायचे आहे आणि ज्याला दार मोडायचे आहे, दोघांनाही दार लागतेच.

जॉन्सन आत गेला. त्याच्या आधी त्यानेही शाळा काढून पाहिली होती आणि तीही चालली नव्हती. एकाच कमानीवर दोन अयशस्वी मास्तर! १७३८ पासून तो केव्हसाठी लिहू लागला. त्यातला सर्वांत विलक्षण भाग पार्लमेंटमधील चर्चांचा. १७३८ साली कॉमन्स सभेने आपल्या चर्चा छापण्यावर ठरावाने बंदी घातली. केव्हने पळवाट काढली : स्विफ्टचा लिलिपुट उसना घेतला, आणि ‘लिलिपुटच्या सिनेटमधील वादविवाद’ म्हणून, नावे वेडीवाकडी करून, ती भाषणे छापणे चालू ठेवले. १७४१ ते १७४४ या काळात ही भाषणे जॉन्सनने लिहिली. ‘लिहिली’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. सभागृहात तो क्वचितच गेला. कोण कोणत्या बाजूने बोलला एवढी टिपणे केव्हची माणसे आणत, आणि त्यावरून जॉन्सन भाषणे रचत असे. लोकांनी ती खरी मानली. पुढे वक्त्यांच्या भाषणसंग्रहांतही ती शिरली. मरणाच्या सुमारास, १७८४ मध्ये, जॉन्सनने म्हटले की आपल्या सगळ्या लेखनात बोच लागून राहिली आहे ती या एकाच गोष्टीची.

इथे दोन शतके एकमेकांसमोर उभी राहतात. टिल्नीच्या कचेरीच्या आवारातच, टिल्नीच्या वारसांना चुकवणारा छापखाना चालतो. १७३७ च्या कायद्याने रंगभूमीवरचा परवाना पुन्हा आवळला गेला तेव्हा जॉन्सननेच १७३९ साली परवानेवाल्यांचे उपरोधिक ‘समर्थन’ लिहिले, हेही विसरता येत नाही. दरवाजा म्हणजे अडवणूक आणि दरवाजा म्हणजे वाट. ही दुहेरी गोष्ट रूपक म्हणून आपण वर्गात कितीदा सांगतो. तिथे ती एकाच पत्त्यावर घडलेली आहे.

आणखी दोन आख्यायिका आहेत, त्यांच्यात या खोल्यांचा आकार कळतो म्हणून सांगतो. जॉन्सनबरोबर लंडनला आलेला त्याचा विद्यार्थी डेव्हिड गॅरिक याने कमानीवरच्या मोठ्या खोलीत फील्डिंगचे एक प्रहसन करून दाखवले, आणि इतर भूमिका केव्हच्या छापखान्यातल्या कामगारांनी हातात संहिता धरून वाचल्या, असे सांगतात. दुसरी बॉस्वेलच्या चरित्रात आहे. १७४४ साली जॉन्सनचे रिचर्ड सॅव्हेजचे चरित्र निनावी प्रसिद्ध झाले. केव्हकडे जेवायला आलेल्या एका पाहुण्याने त्याची फार स्तुती केली. नंतर केव्हने त्याला सांगितले की तुमच्या बोलण्याने त्या दिवशी एक माणूस फार सुखावला. कसे? कपडे इतके फाटके होते की जॉन्सन पंगतीला बसायला तयार नव्हता. पडद्याआड त्याला ताट पाठवले होते, आणि तिथून त्याने सगळे ऐकले. जेवणघर, कचेरी, छापखाना आणि घर यांच्यात एका पडद्याचे अंतर असलेली ही जागा होती.

केव्ह १७५४ मध्ये वारला. मासिक १७८१ मध्ये तिथून हलले. पण मुखपृष्ठावरचा दरवाजा हलला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या खंडांवरही तो दिसतो : बिऱ्हाड कधीच दुसरीकडे गेले होते, दारावरची पाटी तेवढी जुनी होती.

इथवर कोणाचा वाद नसावा. आमची तक्रार पुढची आहे.

मासिक गेल्यावर दरवाजात ‘ओल्ड जेरुसलेम टॅव्हर्न’ नावाचा गुत्ता चालला. १८४० च्या दशकात वास्तू धोकादायक ठरली, तेव्हा विल्यम पेटिट ग्रिफिथ या वास्तुविशारदाने धडपड करून ती वाचवली. १८७४ मध्ये इंग्लंडात नव्याने उभ्या राहिलेल्या सेंट जॉनच्या ऑर्डरने ती ताब्यात घेतली. १८७७ साली याच संस्थेने सेंट जॉन ॲम्ब्युलन्स सुरू केली. आठ टोकांचा तो पांढरा क्रूस आपल्याकडे प्रथमोपचाराच्या वर्गांत ज्यांनी पाहिला आहे, त्यांचा या दरवाजाशी तेवढा संबंध आहेच. मग १८८० आणि ९० च्या दशकांत जॉन ओल्ड्रिड स्कॉट याने तिचे पुनरुज्जीवन केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बाजूला नवे सभागृह जोडले. हा स्कॉट म्हणजे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा मुलगा. थोरल्या स्कॉटने मुंबईत पाऊल न टाकता मुंबई विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे लंडनहून पाठवले. त्या ग्रंथालयात बसून ज्यांनी जॉन्सन वाचला, त्यांच्या डोक्यावर बापाचे गॉथिक होते. जॉन्सनच्या दरवाजावर मुलाचे आहे.

मुलाने काय केले? दरवाजा १५०४ चा दिसावा असा केला. दर्शनी दगडांचा मोठा भाग आज एकोणिसाव्या शतकातला आहे, वरच्या चर्याही त्याच शतकात नव्याने आलेल्या. कमानीवरच्या खोलीत लाकडी काम आले, सरदारांची ढालचिन्हे आली. ज्या खोलीत छापखान्याचे कामगार संहिता हातात धरून प्रहसन वाचत होते ती आता एखाद्या पंथाधिपतीची बैठक वाटते. खाली, आत आज ऑर्डरचे संग्रहालय आहे, ते चांगले आहे, आणि ते ऑर्डरच्या इतिहासाचे असावे हे स्वाभाविकच आहे. पण जॉन्सनने आदराने न्याहाळलेला दरवाजा हा नव्हे. त्याने पाहिला तो काळवंडलेला, बिऱ्हाडे बदलून बदलून झिजलेला होता. पुनरुज्जीवनाने ३६ वर्षांचा काळ राखला आणि मधली तीनशे वर्षे पुसली.

यावर विल्यम मॉरिसने १८७७ मध्येच आवाज उठवला होता. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी त्याने काढलेल्या मंडळाचे तात्कालिक निमित्त थोरल्या स्कॉटची ट्यूक्सबरीच्या मठाच्या चर्चची योजना हेच होते. त्याचे म्हणणे सोपे होते : वास्तू टिकवा, पण तिच्यावर काळाने जे लिहिले ते खोडून त्याच्या जागी आपल्या कल्पनेतले ‘मूळ’ लिहू नका. रस्किन तर त्याच्याही आधीपासून असल्या पुनरुज्जीवनाला सरळ खोटेपणा म्हणत होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटला पाहिजे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली. आणि कोणता पाठ मूळचा याविषयी आपल्याकडे तेव्हापासून किती शाई खर्ची पडली! परंतु ग्रंथाची एक सोय असते. संपादक एक पाठ वर घेतो आणि उरलेले तळटीपेत ठेवतो. वाचकाला वाटले तर तो खालचा पाठ वर घेऊ शकतो. इमारतीला तळटीप नसते. तिथे एक पाठ स्वीकारला की बाकीचे मलब्यात जातात. म्हणून वास्तूच्या संपादकाने ग्रंथाच्या संपादकाहून अधिक भित्रे असायला हवे. स्कॉट भित्रा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की ऑर्डरने ती वास्तू घेतली नसती तर आज वादाला दगडही उरला नसता. हे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. १८७८ सालचीच दोन उदाहरणे पाहा. त्या वर्षी क्लार्कनवेल रोड हा नवा रस्ता झाला आणि त्याने सेंट जॉन्स स्क्वेअरचे सरळ दोन तुकडे केले. मठाचे बाराव्या शतकातले तळघर असलेले चर्च पलीकडे राहिले, दरवाजा अलीकडे. आजही दरवाजातून आत शिरलेला माणूस मठात पोचत नाही, वाहनांच्या रांगेपाशी पोचतो. त्याच वर्षी फ्लीट स्ट्रीटवरचा टेंपल बार हा दरवाजा वाहतुकीला अडतो म्हणून दगड दगड सुटा करून काढला गेला. तो पुढे शहराबाहेरच्या एका इस्टेटीत उभा राहिला, आणि २००४ साली लंडनला परतला तो सेंट पॉल्सजवळच्या चौकात. तो देखणा आहे. पण ज्या रस्त्यासाठी तो बांधला तो रस्ता त्याच्याखालून जात नाही. सेंट जॉन्स गेटचे दगड बदलले, खिडक्या बदलल्या, आतली माणसे तर कितीदा बदलली, पण रस्ता बदलला नाही. दरवाजाच्या बाबतीत मूळ म्हणायचेच तर ते एवढेच असते : त्याच्याखालची वाट. वाट म्हणजे दगड नव्हे, त्यामुळे तिचे पुनरुज्जीवन कोणाला करता आले नाही, हे एक बरे झाले.

तेव्हा वर्गात काय करावे? आमच्यापुरते आम्ही टिपण बदलले आहे. जॉन्सन शिकवताना आम्ही आता आधी त्या मासिकाच्या पहिल्या पानाचे चित्र दाखवतो, आणि विद्यार्थ्यांना विचारतो की या इमारतीत माणसे कुठे राहत असतील. प्रश्न बाळबोध आहे. पण त्यावर मुले चित्राजवळ येतात, खिडक्या मोजतात. कमानीवर खोली आहे हे कोणाच्या तरी ध्यानात येते. तिथे थंडी वाजत असेल, असे एक मुलगी म्हणाली. ती कोकणातली होती, तिने लंडन पाहिले नव्हते. लिलिपुटची भाषणे त्यानंतर शिकवली तर ती पोकळीत लिहिली गेल्यासारखी वाटत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. साहित्याच्या इतिहासात आपण माणसांना वर्षे देतो, ग्रंथांना वर्षे देतो. त्यांना जिने, खिडक्या आणि भाडे क्वचितच देतो.

त्या दिवशी निघताना आम्ही कमानीखाली उभे राहून वर पाहत होतो. दगडी छताच्या शिरांच्या गाठींवर डॉक्राची चिन्हे आहेत, आणि एका गाठीवर सेंट जॉनचा कोकरू. त्या कोकराच्या बरोबर वर ती खोली येते. मागून घंटी वाजली. पाठीवर मोठी पेटी बांधलेला एक सायकलवाला घाईत होता, आणि आम्ही नेमके त्याच्या वाटेत उभे होतो. आम्ही भिंतीला टेकलो. वर न पाहता तो निघून गेला.